दिव्यांग मुलाला पुण्यात शाळेत घालताना: दाखल्यापासून लेखनिकापर्यंत

सई सातवीत आहे, घराजवळच्या महापालिकेच्या शाळेत. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. वॉकर धरून चालते, उजव्या हाताची बोटं नीट उघडत नाहीत, बोलायला वेळ लागतो. डोकं मात्र वडिलांसारखं तल्लख (हे मी कबूल केलंय हे त्यांना सांगू नका). तिला पहिलीत घालायचं ठरलं तेव्हा मला वाटलं होतं, दाखला काढायचा, शाळेत दाखवायचा, झालं काम. प्रत्यक्षात दोन वर्षं गेली आणि त्यातले कितीतरी दिवस मी भलत्याच खिडकीसमोर रांगेत होते. आता धायरीपासून हडपसरपर्यंतच्या आया मला फोन करून तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून एकदा सगळं क्रमाने लिहून काढते.

सुरुवातीलाच एक सांगते. दाखला असो की कायदा, आपोआप काहीच लागू होत नाही. दर वर्षी, दर ठिकाणी लेखी मागावं लागतं आणि मागितल्याची पोच घ्यावी लागते. पहिली दोन वर्षं मी सगळं तोंडी बोलले. बाई चांगल्या होत्या, 'हो हो, करू' म्हणायच्या. त्यांची बदली झाली आणि नव्या बाईंना काहीच माहीत नव्हतं. त्यांचाही दोष नाही, कागदच नव्हता.

१. कायदे दोन, खाती दोन

पहिला कायदा शिक्षण हक्काचा, २००९चा. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण. २०१२च्या दुरुस्तीने दिव्यांग मुलांना त्यातल्या वंचित गटात घेतलं. दुसरा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. आधीच्या १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते, यात २१ आहेत. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली खास अडचण), थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे सगळं यात येतं, म्हणून 'आमचं मूल दिसायला तर ठीक आहे' म्हणून गप्प बसू नका. या कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण मिळतं, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत. निवड मुलाची. हे शेवटचे दोन शब्द पाठ करून ठेवा.

खात्यांचा घोळ मला कुणी सांगितला नव्हता. नेहमीची शाळा, मग ती मनपाची असो, जिल्हा परिषदेची असो की खासगी, शिक्षण विभागाकडे येते. विशेष शाळा मात्र दिव्यांग कल्याण विभागाकडे असतात. मी विशेष शाळेची चौकशी शिक्षण विभागात करत बसले होते. समोरचे साहेब 'आमच्याकडे नाही' एवढंच म्हणत आणि मला वाटे टाळतायत. खरंच त्यांच्याकडे नव्हतं.

२. दाखला आणि यूडीआयडी कार्ड

दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र) यांचा अर्ज एकच, केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर. अर्ज ऑनलाइन, फुकट. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा एवढं चढवायचं आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. पुण्यात ससून आणि औंधचं जिल्हा रुग्णालय ही बहुतेकांना माहीत असलेली ठिकाणं. बाकीची नावं पोर्टलवरच्या यादीत दिसतात. नोंदणी क्रमांक आला की प्रिंट काढून ठेवा.

इथे आमचे दीड महिने गेले, आणि ते एका नावापायी. 'सई' इंग्रजीत कसं लिहायचं? जन्मदाखल्यावर एस-ए-ई-ई होतं, आधारवर कुणीतरी एस-ए-आय टाइप केलेलं. मराठीत नाव एकच, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन वेगळ्या मुली. आधी आधार दुरुस्त करा, मग अर्ज भरा. उलट्या क्रमाने केलंत तर सगळं दोनदा करावं लागेल. आईचं नाव, आडनाव, जन्मतारीख सगळीकडे एकच आहे ना, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.

रुग्णालयात जायच्या आधी चौकशी करा की कुठल्या प्रकारची तपासणी कुठल्या वारी असते. हाडांची, कानांची, मानसिक तपासणी एकाच दिवशी होईलच असं नाही. मुलाला घेऊन दोन बस बदलून जायचं आणि 'आज नाही, बुधवारी या' ऐकायचं, हे आमच्या वाट्याला दोनदा आलं. जुने रिपोर्ट, एमआरआय, ऑडिओमेट्री (कानांची चाचणी), थेरपीची नोंदवही, सगळं बरोबर न्या. केसपेपर काढायला सकाळी लवकर पोहोचा. डबा, पाणी, बदलायचे कपडे न्या. आणि गेटपाशी कुणी 'ताई, पाच मिनिटांत करून देतो' म्हणत आला तर पुढे चला.

तपासणीच्या खोलीत मी केलेली चूक तुम्ही करू नका. घरून निघताना मी सईला पढवलं होतं, 'डॉक्टरांनी पेन दिलं की छान धरायचं हं.' तिने धरलं. मुठीत आवळून, जीभ दातांखाली धरून एक सरळ रेघ काढली आणि माझ्याकडे बघून हसली. मीही खूश! डॉक्टरांनी विचारलं, 'असं किती वेळ लिहिते?' तेव्हा मला कळलं की मी तिचा सगळ्यात चांगला दिवस दाखवायला आणलाय. खरं म्हणजे दोन ओळींनंतर तिचा हात दुखायला लागतो आणि पेन पडतं. मूल रोज जसं वागतं तसंच सांगा, ना वाढवून ना लपवून. जेवताना, जिना चढताना, लिहिताना मोबाईलवर दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ काढून ठेवा. बघायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील.

टक्क्यांबद्दल एक समजून घ्या. ६० टक्के म्हणजे मूल ४० टक्केच हुशार, असा त्याचा अर्थ नाही. नातेवाईक असलंच काहीतरी समजतात. ही सोयीसवलतींसाठी केलेली मोजणी आहे आणि तिची मुख्य रेघ ४० टक्क्यांवर आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा दाखला आठ वर्षांच्या आधी देत नाहीत, त्यामुळे पहिलीतल्या मुलासाठी त्याची घाई करू नका. काही मुलांना ठरावीक मुदतीचा, म्हणजे तात्पुरता दाखला मिळतो. ती तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहा, आणि त्याच्या चार महिने आधी नूतनीकरणाला लागा. प्रवेशाच्या ऐन वेळी दाखला संपलेला निघाला, असं माझ्या ओळखीत दोन घरांत झालंय.

३. फाईल

एकच फाईल करा, प्लास्टिकच्या कप्प्यांची. माझ्या फाईलमध्ये हे असतं:

– जन्मदाखला, मुलाचं आणि आईवडिलांचं आधार
– दिव्यांगत्वाचा दाखला आणि यूडीआयडी कार्ड, रंगीत प्रतीसह
– रेशनकार्ड, लाइट बिल किंवा नोंदणीकृत भाडेकरार
– मुलाच्या नावाचं, आधारशी जोडलेलं बँक पासबुक (लहान मुलांचं पालकांसोबत निघतं)
– पासपोर्ट फोटो डझनभर
– डॉक्टरांची आणि थेरपिस्टची पत्रं, तारखेच्या क्रमाने
– आपण दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्का मारलेली पोच

शेवटचा कप्पा सगळ्यात जाड झाला पाहिजे. मूळ कागद कुणाच्याही टेबलावर सोडून येऊ नका. बघायला द्या आणि परत घ्या.

४. कुठली शाळा?

यावर घराघरांत भांडणं होतात. माझं मत सांगते, पटलं तर घ्या. मुलाला शेजारच्या मुलांबरोबर नेहमीच्या शाळेत जाता येत असेल तर आधी तेच करून बघा. सईला बोलायची घाई झाली ती मधल्या सुट्टीत, थेरपीत नाही. पण हे प्रत्येक मुलाला लागू पडत नाही. ऐकू न येणाऱ्या लहान मुलाला अजून कुठलीच भाषा मिळालेली नसेल, ना खुणांची ना बोलीची, तर चाळीस मुलांच्या वर्गात ते नुसतं बसून राहील. ब्रेल शिकायचं तर ब्रेल येणारे शिक्षक हवेत. अशा मुलांना सुरुवातीची काही वर्षं विशेष शाळा जास्त देते. पुण्यात या कामाची परंपरा जुनी आहे. अंध मुलांसाठी १९३४ साली सुरू झालेल्या संस्थेची मुलांची शाळा कोरेगाव पार्कला आणि मुलींची कोथरूडला आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी गोखलेनगरची कामायनी १९६४ पासून आहे. गणेशखिंड रस्त्यावरची बाल कल्याण संस्था ही शाळा नव्हे, पण दिव्यांग मुलांसाठी खेळ, पोहणं, संगीत तिथे असतं. सई पाण्यात पहिल्यांदा मोकळी झाली ती अशाच एका तलावात.

खासगी शाळा हवी असेल तर शिक्षण हक्क कायद्याने राखून ठेवलेल्या २५ टक्के मोफत जागांचा रस्ता आहे. दिव्यांग मूल वंचित गटात येतं, त्यामुळे ४० टक्क्यांचा दाखला लागतो, उत्पन्नाचा नाही. मला हे माहीत नसल्याने मी तहसीलच्या दोन फेऱ्या उगाच मारल्या. अर्ज ऑनलाइन असतो आणि जागा लॉटरीने मिळतात. साधारण जानेवारीपासून लक्ष ठेवा. सापळे तीन. नकाशावर घराची खूण चुकीच्या इमारतीवर पडली तर पडताळणीत अर्ज बाद होतो, म्हणून झूम करून स्वतःचंच गेट शोधा. दुसरा, शाळा निवडण्याआधी प्रत्यक्ष जाऊन जिने मोजा, कारण लॉटरीत चौथ्या मजल्यावरची पहिली लागली तर करणार काय? तिसरा सापळा सगळ्यात महाग: ही फीमाफी आठवीपर्यंतच आहे. नववीत पूर्ण फी समोर येते, आणि तेव्हा मुलाची मित्रमंडळीही तिथेच असतात.

५. प्रवेशाच्या दिवशी

एका खासगी शाळेत मला सांगितलं गेलं, 'आमच्याकडे अशा मुलांची सोय नाही, तुम्हालाच त्रास होईल.' मी घरी येऊन रडले. आज मी रडणार नाही, मी म्हणेन, 'हेच लेटरहेडवर लिहून द्या.' लेखी नकार सहसा कुणी देत नाही. बोलण्याचा सूरच बदलतो.

मुलाची किंवा पालकांची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवायला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ ने मनाई आहे. वयाचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. मूल मोठं असेल तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मागा, नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत बसवू देऊ नका. आणि 'स्वतःच्या खर्चाने सोबतीला बाई ठेवा, तरच घेऊ' ही अटही तोंडी मान्य करू नका. मदतनीस लागतच असेल तर तशी लेखी मागणी शाळेकडे करा.

६. यू-डायसमधला एक रकाना

हा टप्पा सगळ्यात छोटा आहे आणि सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. प्रत्येक शाळा मुलांची माहिती यू-डायस प्लसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, भरते. त्यात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी वेगळा रकाना असतो. तो रिकामा राहिला तर तुमचं मूल वरच्या यादीत दिव्यांग म्हणून दिसतच नाही, भत्ता नाही, साहित्य नाही, विशेष शिक्षकही फिरकत नाहीत. आमचा रकाना एक वर्ष रिकामा होता. जुलैत जाऊन मुख्याध्यापकांना विनंती करा, 'स्क्रीनवर दाखवा.' प्रकार आणि टक्केवारी दाखल्याप्रमाणे आहे का तेवढं वाचा.

नोंद झाली की समग्र शिक्षा या सरकारी योजनेतल्या समावेशित शिक्षणाचं, म्हणजे नेहमीच्या शाळेतल्या दिव्यांग मुलांसाठीच्या मदतीचं, दार उघडतं. वाहतूक भत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता आणि मुलींसाठी प्रोत्साहन भत्ता, जो महिना २०० रुपये, दहा महिन्यांचा. रक्कम फार नाही, पण ती मुलीच्या खात्यात येते. साहित्यासाठी मोजमाप शिबिर होतं. व्हीलचेअर, पायाला आधार देणारं कॅलिपर, श्रवणयंत्र तिथे मापाने ठरतं. शिबिराची तारीख शाळेला आधी कळते आणि पालकांना शिबिर झाल्यावर, म्हणून दर पंधरा दिवसांनी विचारत राहा. मूल वाढीच्या वयात असेल तर माप घेतल्यापासून साहित्य येईपर्यंत ते लहानही होतं. सईचा पहिला वॉकर आला तेव्हा तिच्या मांडीला लागत होता.

विशेष शिक्षक एकाच शाळेत नसतात, फिरते असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१च्या निकालात प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरा मुलांमागे एक असं प्रमाण सांगितलंय. तुमच्या शाळेत कोण येतात, किती दिवसांनी येतात, त्यांचं नाव आणि वार वहीत लिहून घ्या. त्यांच्याबरोबर बसून मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा करून घ्या. 'गणितात प्रगती' असलं मोघम नको, 'दिवाळीपर्यंत शंभरपर्यंतची बेरीज गणकयंत्राशिवाय' असं.

घरी येऊन शिकवण्याची सोयही आहे, तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांसाठी. ती निवडायचा हक्क पालकांना आहे. 'याला घरीच शिकवा' असं शाळा सुचवत असेल आणि मूल शाळेत येऊ शकत असेल, तर सही करू नका.

७. वर्ग खाली आणा

शाळेत रॅम्प आहे, असं प्रत्येक मुख्याध्यापक सांगतात. तो स्वतः चालून बघा, वॉकर घेऊन. आमच्या शाळेचा रॅम्प छान होता, कठड्यासकट, पण तो संपायचा एका बोटभर उंच उंबऱ्यापाशी. तेवढ्यावर चाक अडतं. एका पालकाने सिमेंटची अर्धी पाटी टाकून तो उतार करून दिला, सुट्टीच्या दिवशी.

दुसरीचा वर्ग पहिल्या मजल्यावर होता. मी रोज सईला कडेवर घेऊन चढायचे. दुसऱ्या एका आईने मला सुचवलं, 'तू मुलीला वर का नेतेस? वर्ग खाली आणायला सांग ना.' इतकं सोपं! अर्ज दिला, चौथीचा वर्ग वर गेला, दुसरीचा खाली आला. यालाच कायद्यात वाजवी सोयीसुविधा म्हणतात, आणि तिला एक पैसा लागला नाही. स्वच्छतागृहाचं मात्र तसं नसतं. दाराची रुंदी मोजा, आतून कडी लागते का बघा, पकडायला दांडी आहे का बघा. आणि शाळेतल्या मावशींशी ओळख करून घ्या. आमच्या मावशींनी न सांगता जेवढं केलंय, तेवढं कुठल्या योजनेत मिळत नाही.

दर जूनमध्ये मी वर्गशिक्षकांना एक पान देते. सईला काय जमतं, काय जमत नाही, फीट आली तर काय करायचं, फोन कुणाला. आठ-दहा ओळी, त्यापेक्षा जास्त कुणी वाचत नाही.

८. परीक्षा आणि लेखनिक

सवलती दहावीसाठीच असतात हा गैरसमज आहे. शाळेच्या परीक्षांपासूनच मागा: जादा वेळ तासाला २० मिनिटं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास जास्त, गरज असेल तर लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, आकृत्यांऐवजी पर्यायी प्रश्न. कुठल्या प्रकाराला काय मिळतं हे वेगवेगळं आहे. दहावीच्या वेळी प्रस्ताव शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून नववीतच शाळेला लेखी कळवा आणि दाखला चालू आहे ना बघा.

लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. तो परीक्षेच्या आदल्या आठवड्यात शोधू नका. सराव तर फारच लागतो, सांगणाऱ्याला आणि लिहिणाऱ्यालाही. पाचवीत सईचा सराव मी घेतला. ती म्हणाली 'तीन छेद चार', मी लिहिलं. पुढच्या गणितात तिने हातचा विसरला आणि माझ्या पेनने तो आपोआप घेतला. 'आई, तू कॉपी करतेस,' म्हणाली. बरोबर होतं तिचं. तेव्हापासून सरावाला आत्या बसते, तिला गणित येत नाही.

नेहमीचा अभ्यासक्रम झेपतच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आणि राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ हे दोन पर्याय आहेत. पण आठवीच्या आत त्या वाटेला ढकलणाऱ्यांपासून सावध राहा.

९. नाही म्हणाले तर

पायरीने जा. आधी मुख्याध्यापकांना अर्ज, साध्या कागदावर, मराठीत: मुलाचं नाव, इयत्ता, यूडीआयडी क्रमांक, नेमकं काय हवं, कधीपर्यंत हवं. दोन प्रती न्या, एकीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पावती हीच पोच. पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर मनपाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, पहिल्या अर्जाची प्रत जोडून. मध्येच भांडण केलंत तरी चालेल, पण कागद थांबवू नका.

तरीही हललं नाही तर २०१६च्या कायद्याखाली राज्य आयुक्तांकडे तक्रार करता येते. बाकीच्या महाराष्ट्रातल्या पालकांना त्यासाठी एसटीने यावं लागतं. आपलं बरं आहे, दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच, कॅम्पात चर्च रोडला आहे. वकील लागत नाही. फाईलमधल्या पोचांच्या प्रती तारखेने लावून न्या, वर एक पानाचा गोषवारा ठेवा, आणि जाताना मुलाला शक्यतो शाळेतच राहू द्या. तो दिवस त्याचा बुडायला नको.